कान फोनवर दाखवायचा, तर...

उरण-पनवेल पट्ट्यातल्या वाचकांचे कानाबद्दलचे प्रश्न हल्ली एकाच वळणाचे असतात. उपकेंद्रातल्या ताईंनी मुलाच्या कानाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि फोनवरच औषध मिळालं, हे चालतं का? ऑनलाइन मागवलेला कानाचा कॅमेरा घरी वापरला तर काही बिघडेल का? फोटोत पडदा चांगला आहे म्हणतात, मग ऐकू का येत नाही? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : फोनवर भागेल की अलिबाग गाठावं लागेल?

हा शेवटचा प्रश्न न्हावा शेव्याच्या परिसरात फार खरा आहे. १९८९ मध्ये इथे बंदर सुरू झालं, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, उरणची लोकलही त्याच महिन्यात सुरू झाली. तरी शेवा कोळीवाडा, जसखार, सोनारी, करळ इथल्या माणसाला कान-नाक-घशाचा तज्ज्ञ गाठायचा तर पनवेल, नवी मुंबई, नाहीतर करंजा-रेवसची तर पकडून अलिबाग. घारापुरीहून तर आधी पाणी ओलांडा, मग पुढचा विचार. एक दिवसाची मजुरी जाते, सोबत येणाऱ्याचीही जाते. म्हणून कान ठणकायला लागला की पहिले चार दिवस घरच्या तेलावर आणि पुढचे चार मेडिकलवाल्याच्या थेंबांवर निघतात. फोनचा उपयोग होतो तो नेमका या आठ दिवसांत.

फोनला जोडलेल्या कानाच्या कॅमेऱ्याला मात्र फक्त कानाची नळी आणि पडदा दिसतो. पडद्यामागे पाणी किंवा पू साठला असेल तर त्याचा अंदाज बांधता येतो. ऐकण्याची नस कोणत्याही फोटोत दिसत नाही. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

फोन बाजूला ठेवून आधी निघायचं कधी?

खालीलपैकी काहीही असेल तर फोटो काढत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट ग्रामीण रुग्णालय, उरण नाहीतर उपजिल्हा रुग्णालय, पनवेल गाठा.

- कानामागे सूज आली आहे, लाली आहे, कानाची पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसते.
- कान वाहतो आहे आणि त्यासोबत तोंड वाकडं झालंय, जोराची चक्कर आहे, सारखी उलटी होते आहे किंवा ताप येऊन मान ताठ झाली आहे.
- डोक्याला मार लागल्यावर कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय.
- मुलाने घड्याळाची किंवा खेळण्याची चपटी बॅटरी कानात घातली आहे. ती काही तासांत आतली कातडी जाळते. थेंब नको, पाणी नको, तडक रुग्णालय.
- मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाचा कान रात्र-रात्र ठणकतो आहे आणि औषधाने उतरत नाही.
- एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं बंद झालं आहे.

यातल्या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण तो सगळ्यात जास्त हुकतो. सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटतो, आपण म्हणतो सर्दीने दडा बसला. उपकेंद्रात फोटो काढला तर पडदा स्वच्छ दिसतो आणि ‘काही नाही, दोन दिवसांत सुटेल’ असं सांगितलं जातं. दडा असेल तर खरंच सुटतो. पण दुखणं नसेचं असेल तर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त लागू पडतात. आठवडे गेले की गेलेलं ऐकू येणं बहुधा परत मिळत नाही.

घरी एक साधी खूण पाहता येते. तोंड मिटून ‘म्म्म’ असा आवाज लांबवा. बंद वाटणाऱ्या कानात तो मोठा घुमला तर मळ, पाणी किंवा दडा असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात मोठा वाटला तर नसेचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी निघावं. ही खूण म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टर फोनवर असतील तर त्यांना ती जरूर सांगा.

फोनवर नीट भागतं ते

मळाने कान गच्च होणं, सर्दीनंतरचा ठणका, जुना वाहणारा कान पुन्हा वाहू लागणं, पावसाळ्यातली खाज आणि बुरशी, ऑपरेशननंतर किंवा औषधांनंतर पडदा कसा आहे ते दाखवणं. आपल्या दमट किनाऱ्यावर बुरशीचा त्रास विशेष. नळीत भिजलेल्या टीपकागदासारखा थर आणि त्यावर काळे किंवा पांढरे ठिपके दिसतात. चांगल्या फोटोत ही बुरशी सहसा ओळखू येते.

वाहणाऱ्या कानाबाबत आरोग्य सेविका आधी एक प्रश्न विचारतात : किती दिवस? चौदा दिवसांच्या आतलं वाहणं वेगळं मोजतात आणि त्याहून जास्त दिवसांचं वेगळं, कारण औषध बदलतं. ‘बरेच दिवस’ असं उत्तर देऊ नका. सणवार आठवून, शाळेची सुट्टी आठवून तारीख सांगा. पाणी कसं येतं तेही सांगा. पातळ, चिकट, वास नसलेलं पाणी सर्दीबरोबर कमी-जास्त होत असेल तर भीती कमी. थोडंच येतं पण कुजका वास मारतं, कधी रक्त मिसळलेलं असतं, असा कान हाड पोखरणाऱ्या आजाराचा असू शकतो. तो फोनवर ओळखला गेला तरी उपचार फोनवर होत नाहीत. तज्ज्ञाकडे जावंच लागतं.

कोणती वाट धरायची?

*उपकेंद्रातून.* ही सगळ्यात चांगली वाट. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. लोक त्यांना सीएचओ म्हणतात. त्या ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून वरच्या केंद्रातल्या डॉक्टरांना जोडून देतात. तिथे कान बघणारं प्रशिक्षित माणूस तुमच्या शेजारी असतं, हा मोठा फायदा. उरण तालुक्यात कोप्रोलीचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

*घरून ई-संजीवनी.* एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात ही ओपीडी सुरू झाली. मोबाइल नंबर टाका, आलेला ओटीपी भरा, रुग्णाची माहिती द्या, टोकन घ्या, रांगेत थांबा. फोटो आणि जुने कागद जोडता येतात. बोलणं संपल्यावर औषधाची चिठ्ठी फोनवर येते. समोर येणारे डॉक्टर बहुधा कानाचे तज्ज्ञ नसतात, हे धरूनच चला. त्यांच्याकडून निदान एवढं काढून घ्या : मला तज्ज्ञाकडे जायला हवं का, आणि किती दिवसांत?

*ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप.* केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार हेही चालतं. याआधी प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांना त्याच दुखण्यासाठी सहा महिन्यांच्या आत विचारलंत तर ती पुढची भेट धरली जाते आणि त्यांना औषधं लिहायला जास्त मोकळीक असते. पहिलीच भेट असेल तर काही औषधं व्हिडिओवर पाहूनच देता येतात. म्हणून ‘एवढ्यासाठी व्हिडिओ कशाला’ असं म्हणून कुरकुर करू नका.

फोटो कसा काढावा

कान बघण्याच्या दुर्बिणीला ऑटोस्कोप म्हणतात. त्याला कॅमेरा जोडून पडद्याचं चित्र दूरच्या डॉक्टरांकडे पाठवण्याचा प्रयोग जुना आहे. अलास्कातल्या बर्फाळ वस्त्यांमधून आरोग्यसेवक वीसेक वर्षांपासून अशी चित्रं पाठवतात. दिल्लीच्या वस्त्यांमध्ये २०१३ मध्ये ‘श्रुती’ या उपक्रमातून आरोग्यसेविकांच्या हातात असं साधन देण्यात आलं. दोन्ही ठिकाणी साधनापेक्षा हात महत्त्वाचा ठरला, आणि तो शिकता येतो.

नुसत्या फोनच्या कॅमेऱ्याने, टॉर्च लावून, पडदा दिसत नाही. त्यातून फक्त बाहेरचा कान, कानामागची सूज आणि नळीच्या तोंडाशी आलेलं पाणी दाखवता येतं. सूज दाखवायला तो फोटो उपयोगी, तेव्हा तोही काढा. पडद्यासाठी मात्र ऑटोस्कोपच लागतो.

उपकेंद्रात फोटो काढला जात असताना तुम्ही सोबत आहात, तर एवढ्यावर लक्ष ठेवा :

- टोक स्वच्छ हवं. एका कानाला वापरलेलं टोक पुसल्याशिवाय दुसऱ्या कानाला नको. ‘ताई, टोक बदललं का?’ असं विचारायला संकोच करू नका.
- आधी चांगला कान, मग दुखरा. तुलना होते आणि दुखऱ्या कानाचा पू चांगल्या कानात जात नाही.
- मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढायची. तान्ह्या मुलाची खाली आणि मागे. असं केलं की वाकडी नळी सरळ होते.
- मूल आईच्या मांडीवर आडवं बसवा. एक हात डोक्यावर, एक हात दोन्ही हातांवरून. तपासणाऱ्या ताईंच्या हाताची करंगळी मुलाच्या गालावर टेकलेली हवी. मुलाने डोकं हलवलं तर दुर्बीणही त्याच्याबरोबर हलते आणि टोक आत टोचत नाही.
- फोटोपेक्षा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ बरा. डॉक्टर त्यातलं हवं ते चित्र थांबवून पाहू शकतात.
- मळाने वाट अडली असेल तर तिथेच थांबा. चार-पाच दिवस मळ मऊ करणारे थेंब घालून पुन्हा या. अर्ध्या पडद्याच्या फोटोवरून पूर्ण निदान करून घेण्याचा हट्ट धरू नका.

एक बारीक गोष्ट, पण गोंधळ मोठा करते. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा असतो आणि त्यावर प्रकाशाचा एक तिकोनी कवडसा दिसतो. पडदा म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर उजव्या कानात हा कवडसा पाच वाजण्याच्या जागी असतो, डाव्यात सातच्या जागी. तज्ज्ञ यावरून कान कोणता ते ओळखतात. पण काही अ‍ॅप चित्र आरशासारखं उलटं करतात आणि उजवा कान डावा दिसू लागतो. तेव्हा प्रत्येक चित्रासोबत ‘उजवा’ किंवा ‘डावा’ शब्दांत लिहाच.

घरगुती कॅमेऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : बघायला हरकत नाही, कोरायला मनाई. हजार-दोन हजारांत मिळणाऱ्या या कॅमेऱ्यांच्या टोकाला चमचा असतो आणि फोनच्या पडद्यावर मळ मोठा दिसला की हात थांबत नाही. स्टेशनबाहेर बसणाऱ्या कान कोरणाऱ्याला आपण नाकं मुरडतो आणि तेच काम घरी करतो. चमचा काढून फेकून द्या. लहान मुलाच्या कानात तर घरी कॅमेरा घालूच नका.

सोबत काय लिहायचं

नुसता फोटो आणि खाली ‘काय करू?’ असा निरोप डॉक्टरांच्या कामाचा नसतो. असा लिहा :

> मुलगा, वय ७. उजवा कान. १० दिवसांपूर्वी सर्दी, ६ दिवसांपूर्वी रात्री ठणका, दुसऱ्या दिवशी कान फुटला आणि ठणका थांबला. तेव्हापासून पिवळं पाणी, वास नाही. ताप नाही. आज कानामागे सूज नाही. घरी दोनदा खोबरेल घातलं. मेडिकलमधून थेंब आणले, बाटलीचा फोटो सोबत. याआधी कान कधी वाहिला नव्हता. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही.

यातलं कोणतंही वाक्य गाळू नका. घरी काय घातलं ते सांगायला लोक लाजतात. तेल, लसूण घालून कढवलेलं तेल, आईचं दूध, हायड्रोजन पेरॉक्साइड, जे घातलं असेल ते सांगा. तेलाने पडदा चकाकतो आणि चित्र फसवं होतं, म्हणून डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं.

थेंबांचा घोळ

कानाच्या थेंबांची एकच बाटली घरभर फिरते. मोठ्याच्या बुरशीचे थेंब धाकट्याच्या वाहत्या कानात जातात. इथे तीन गोष्टी सांभाळा.

पडद्याला भोक असताना सगळे थेंब चालत नाहीत. जेंटामायसिन, निओमायसिन या जातीची औषधं आतल्या कानापर्यंत पोचली तर ऐकण्याला धोका असतो. आपल्याला भोक आहे हे रुग्णाला बहुधा ठाऊक नसतं. थेंब घातल्यावर घशात कडू चव उतरली तर भोक आहे असं समजा, थेंब थांबवा, कळवा. दुसरं म्हणजे नुसत्या स्टेरॉइडच्या किंवा प्रतिजैविकाच्या थेंबांनी बुरशी वाढू शकते. खाज दोन दिवस थांबते, मग दुप्पट होते. तिसरी गोष्ट पद्धतीची. गार थेंबांनी भोवळ येते, म्हणून बाटली मुठीत धरून कोमट करा. कुशीवर झोपून थेंब घाला, कानाच्या तोंडाशी असलेला लहान उंचवटा दोन-चार वेळा दाबा, पाच मिनिटं तसेच पडून राहा.

वाहत्या कानात थेंब घालण्याआधी तो कोरडा करावा लागतो, नाहीतर औषध पुवावरच तरंगतं. स्वच्छ सुती कापडाची वात वळा, अलगद कानात ठेवा, भिजली की काढा, नवी घाला, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा. काडीचा कापूस नको. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला बोळा, आणि कान वाहतोय तोवर खाडीत डुबकी बंद. कोळीवाड्यातल्या मुलांना हे पटवणं किती अवघड आहे याची कल्पना आहे, पण तेवढे दिवस तरी त्यांना काठावर बसवा.

कानात जिवंत किडा गेला तर दोन थेंब खोबरेल चालतं, तो मरतो आणि तळमळ थांबते. पडद्याला भोक असेल तर मात्र नको. चणा, वाटाणा, राजमा असं कडधान्य गेलं तर पाण्याचा थेंबही नको, ते फुगून अडकतं.

पडदा चांगला, पण ऐकू येत नाही

मग फोटो काढणं थांबवा आणि ऐकण्याची चाचणी मागा. बंदरात, कंटेनर यार्डात, यंत्रांजवळ वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा पडदा बहुतेक वेळा अगदी निरोगी असतो. बिघाड आतल्या पेशींत होतो. सुरुवात उंच सुरांपासून होते, म्हणून पुरुषांचा आवाज ऐकू येतो पण नातवंडांचं बोलणं कळत नाही, पंख्याच्या आवाजात तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हिअरडब्ल्यूएचओ’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात गोंगाटात म्हटलेले आकडे ओळखायचे असतात. इअरफोन लावून ते करून पाहा. निकाल कमी आला तर पुढची तपासणी गरजेची, एवढाच त्याचा अर्थ.

खरी चाचणी आवाजबंद खोलीत होते. त्यासाठी अलिबागचं जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था गाठा. आवाजाने आलेलं बहिरेपण व्यवसायजन्य आजारांत मोडतं आणि त्याची भरपाई मागता येते, म्हणून कामाचा पुरावा आणि चाचणीचे सगळे आलेख जपून ठेवा. नोकरीला लागतानाचा आलेख असेल तर तो सोन्याच्या मोलाचा.

तान्ह्या बाळाबाबत फोटोची वाटच पाहू नका. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा जगभरचा संकेत आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे कान तपासून घेता येतात. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

तुमचे हक्क

२०२० ची मार्गदर्शक तत्त्वं डॉक्टरांवर बंधनकारक आहेत. त्यांनुसार :

- प्रत्यक्ष तपासा असं तुम्ही म्हणालात आणि यायला तयार असाल, तर ‘फोनवरच दाखवा’ असा आग्रह डॉक्टरांना धरता येत नाही. तो गैरवर्तनात मोडतो.
- चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. अशी चिठ्ठी प्रत्यक्ष भेटीतल्या चिठ्ठीइतकीच ग्राह्य असते.
- फी घेतली तर पावती मिळायला हवी.
- सीएचओ किंवा आशाताई तुमच्या वतीने डॉक्टरांना जोडत असतील तर आधी तुमची स्पष्ट संमती घ्यायला हवी. बोलणं मध्येच थांबवण्याची मुभा तुम्हाला आहे.
- मुलाची तपासणी मोठ्या माणसाच्या सोबतीनेच होते.
- तुमचा फोटो तुमच्या उपचारासाठी आहे. नाव-गाव लिहून तो कुठल्याशा ग्रुपवर फिरला तर तक्रार करता येते. डॉक्टरांविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते.
- फोटो पाहून अ‍ॅप स्वतःच आजार सांगत असेल, औषध सुचवत असेल, तर ते पाळू नका. यंत्राने डॉक्टरांना मदत करावी. रुग्णाला औषध देण्याची परवानगी त्याला नाही.

ऑपरेशन सांगितलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, ते दाखल होण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर विचारून घ्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा.

उपकेंद्रात साधनच नसेल तर

अनेक ठिकाणी ई-संजीवनी चालू असते, टॅबलेट असतो, पण ऑटोस्कोप नसतो. मग कानाच्या रुग्णाचं फक्त ऐकून औषध लिहिलं जातं आणि फोनवरच्या तपासणीचा अर्धा उपयोग वाया जातो. हे साधन एक्स-रे यंत्रासारखं महाग नाही. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीकडे आणि प्राथमिक केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे अशा किरकोळ खरेदीसाठी अबंधित निधी असतो. आपल्या भागात तर बंदराशी जोडलेल्या कंपन्यांचा सामाजिक निधीही आहे. तो कमानी आणि फलकांवर खर्च होण्यापेक्षा इथे झाला तर बरं. पुढच्या ग्रामसभेत कॅमेऱ्याचा ऑटोस्कोप आणि तो वापरण्याचं प्रशिक्षण, दोन्हींची मागणी लेखी द्या आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.